खेळण्यांतील संगीत आणि त्याचे अज्ञात कर्ते

१९९४ सालच्या पावसाळ्यांतील एक प्रसंग सांगून आजच्या विषयाला आरंभ करतों. मी तेव्हां सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होतों. फळ्याकडे तोंड करून सनावळी लिहीत असतांना मागच्या बांकावरून कोणीतरी एक चाल गुणगुणत असल्याचें ऐकूं आलें. चाल मोठी मजेदार होती; उड्या मारीत जाणारी, मध्येंच थबकणारी आणि पुन्हां धांव घेणारी. वळून पाहतों तों एक मुलगा डोळे अर्धवट मिटून, बांकावर बोटांनीं ठेका धरून बसलेला. मीं त्याला उभा केला आणि दरडावून विचारलें, "हें कोणाचें गाणें?" तो गोंधळून म्हणाला, "कोणाचंच नाहीं, सर. गेममधलं आहे." वर्गांत हंशा पिकला. मीं त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभें राहण्याची शिक्षा दिली आणि अर्धवट राहिलेली सनावळी पुरी केली.

प्रसंग मागें पडला, परंतु चाल कानांत कोठेंतरी राहून गेली असावी. सेवानिवृत्तीनंतर एके दिवशीं माझ्या नातवाच्या हातांतील मोबाईलमधून तीच चाल आली आणि मीं ती तत्काळ ओळखली. मीं जुनाच प्रश्न पुन्हां केला, "हें कोणाचें गाणें?" या पिढीला 'ठाऊक नाहीं' म्हणावयाची संवय नाहीं. त्यानें तेथल्या तेथें शोधून सांगितलें, "कोजी कोंडो. जपानचे आहेत, आजोबा. १९८५ सालचं आहे." म्हणजे ज्या चालीला कर्ताच नाहीं असें गुरु व शिष्य दोघांनींही त्या दिवशीं धरून चाललें होतें, तिला नांव, गांव आणि साल असलेला कर्ता होता! वर्गांतला माझा प्रश्न बरोबर होता. तो विचारतांना उत्तर ऐकण्याची इच्छा मात्र मला नव्हती.

इतिहासाच्या मास्तराला ही गोष्ट लागल्यावांचून कशी राहील? नाणें सांपडलें तर तें कोणीं पाडलें, शिलालेख सांपडला तर तो कोणीं कोरविला, हें विचारावयास मुलांना शिकविण्यांत माझीं तीसांहून अधिक वर्षें गेलीं. आणि त्याच मुलांच्या कानांत रोज संध्याकाळीं जें संगीत वाजत होतें, त्याच्याविषयीं हा प्रश्न मीं एकदांही मनापासून विचारला नाहीं. म्हणून गेलीं कांहीं वर्षें मी या संगीताचा माग काढीत आहें. संगीताचा मी जाणकार नव्हे, आणि यंत्रविद्येचा तर त्याहूनही नव्हे. तथापि जें हातीं लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. जपानमधील क्योटो शहरीं १८८९ सालीं स्थापन झालेली निन्टेन्डो ही कंपनी मुळांत पत्ते तयार करणारी. तिनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें घरगुती खेळाचें यंत्र १४,८०० येन किमतीला विक्रीस काढलें. लोक त्याला लाडानें 'फॅमिकॉम' म्हणूं लागले. त्याची बांधणी मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखालीं झाली होती. यंत्र टी.व्ही.ला जोडावयाचें, त्यांत खेळाची कॅसेट बसवावयाची, आणि कळा दाबून पडद्यावरील बाहुलें पळवावयाचें, असा हा खेळ. १९८५ पासून हेंच यंत्र निराळ्या पेटींत व निराळ्या नांवानें अमेरिकेंत विकलें जाऊं लागलें. जगभर मिळून त्याचे सुमारें ६ कोटी १९ लाख नग खपले.

आपल्याकडे १९९० नंतर जीं यंत्रें मध्यमवर्गीय घरांत आलीं, तीं बहुतांशीं याच यंत्राच्या नकला होत्या. एका कॅसेटींत शेंकडों खेळ असल्याची ग्वाही वेष्टनावर छापलेली असे. प्रत्यक्षांत थोडेसेच खेळ नांवें बदलून पुन्हां पुन्हां येत. कित्येक नकली कॅसेटींत मूळ कंपनीचें नांवही पडद्यावरून पुसून टाकलेलें असे. तेव्हां माझ्या विद्यार्थ्याला तें गाणें कोणाचेंच नाहीं असें वाटलें, यांत त्याचा अपराध नव्हता. परंतु नांवें पुसण्याचा उद्योग नक्कल करणाऱ्यांनींच केला असें मात्र समजूं नये. तो मूळ कंपन्यांच्या घरींच सुरू झालेला होता. त्याकडे मी वळणारच आहें. पण तत्पूर्वीं हें संगीत तयार कसें होत असे तें पाहूं. त्याशिवाय पुसलें गेलें तें किती मोलाचें होतें, हें ध्यानांत येणार नाहीं.

फॅमिकॉमच्या पूर्वीं, १९७७ सालीं, अमेरिकेंत अटारी कंपनीचें यंत्र निघालें होतें. त्याला दोनच कंठ होते, आणि त्यांतून निघणारे सूर मोजके व एकमेकांशीं न जुळणारे असत. धड एक सप्तक सुरांत वाजविणें त्याला साधत नसे. फॅमिकॉमला पांच कंठ मिळाले. त्यांतील पहिले दोन सारखे होते. त्यांची लहर चौकोनी असून ती किती वेळ वर आणि किती वेळ खालीं राहावयाची याचें प्रमाण बदलतां येत असे. हें प्रमाण निम्मेंनिम्म ठेवलें तर आवाज पोकळ व गोल येई. एक-अष्टमांश ठेवलें तर तो सनईसारखा अनुनासिक व टोकदार होई. तिसऱ्या कंठाची लहर त्रिकोणी. तिचा आवाज बांसरीसारखा मऊ, परंतु तो लहानमोठा करण्याची सोयच नव्हती. एक तर वाजेल, नाहीं तर गप्प बसेल. म्हणून त्याच्याकडे बहुधा खर्जाचें काम सोंपवीत. चौथ्या कंठाला सूर असा नव्हताच. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावें तसा नुसता चुरचुराट; त्याचेच तुकडे पाडून ताल धरावयाचा. पांचवा कंठ एकाद्या ध्वनिमुद्रित आवाजाचा बारीकसा तुकडा वाजवूं शके, पण त्याला जागा इतकी लागे कीं तो जपूनच वापरावा लागे.

जागेची ही अडचण किती मोठी होती तें पाहा. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संबंध खेळ, म्हणजे त्यांतील चित्रें, नियम, शत्रू, किल्ले आणि सारें संगीत मिळून, ४० किलोबाइटमध्यें मावलेला आहे. आज आपल्या खिशांतील मोबाईलनें काढलेलें एक साधें छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा खातें. शिवाय हे पांच कंठही संगीतासाठीं राखून ठेवलेले नव्हते. बाहुल्यानें उडी मारली, नाणें उचललें किंवा गोळी झाडली, कीं तो आवाज काढण्यासाठीं एक कंठ संगीताकडून हिसकावून घेतला जाई. गवई गात असतां साथीदाराला मधूनमधून दुसऱ्या कामासाठीं उठवून न्यावें, तसा हा प्रकार! आणि असें असूनही गाणें मोडल्यासारखें वाटतां कामा नये, ही रचनाकारावर अट.

त्यांनीं यावर शोधलेल्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. तीन सूर एकदम हवेत आणि कंठ तर एकच मोकळा. अशा वेळीं ते तीन सूर एकामागून एक इतक्या झपाट्यानें फिरवावयाचे कीं कानाला ते एकत्रच भासावेत. जळतें कोलीत गरगर फिरविलें म्हणजे अग्नीचें अखंड कडें दिसतें, तसेंच हें. यंत्र सेकंदाला साठ वेळां पडद्यावरील चित्र नवें करीत असे, आणि त्याच गतीनें सूरही बदलतां येत, म्हणून हें साधे. दुसरी युक्ति प्रतिध्वनीची. एका कंठानें म्हटलेली ओळ दुसऱ्यानें किंचित् उशीरां व दबक्या आवाजांत म्हणावयाची. मग तळहाताएवढ्या यंत्रांतून मोठ्या सभामंडपाचा भास होई. तिसरी गोष्ट आवर्तनाची. जागेच्या अभावीं चाल मिनिट-दीड मिनिटाचीच असे, आणि ती संपतांच पुन्हां आरंभाला येई. एकाच ठिकाणीं अडलेल्या मुलाच्या कानावर ती शंभर वेळां पडावयाची. शंभराव्या वेळींही ती कंटाळवाणी होऊं नये आणि शेवटाकडून आरंभाकडे येतांना सांधा दिसूं नये, हें काम किती अवघड आहे, हें ज्यांनीं तालाचें आवर्तन समेवर आणून सोडण्याची मेहनत केली असेल त्यांना सांगावयास नको.

कोजी कोंडो हे १९८४ सालीं निन्टेन्डोंत नोकरीस लागले, तेव्हां ते तेवीस वर्षांच्या आंतबाहेरचे होते. मारिओच्या ज्या चालीनें माझा तास मोडला ती त्यांची. त्या चालीचें मर्म असें कीं ती पडद्यावरील धांवण्या-उडण्याच्या गतीशीं जुळवून बांधलेली आहे. घड्याळांतील आंकडा शंभरावर आला कीं तीच चाल एकाएकीं द्रुत होते, आणि मुलाच्या पोटांत गोळा उठतो. परंतु हा खेळ पुरा केला तरी त्यांत कोंडो यांचें नांव कोठेंही येत नाहीं. कोणाचेंच येत नाहीं. पुढील वर्षीं, १९८६ मध्यें, 'झेल्डा' हा खेळ निघाला. त्याच्या आरंभीं फ्रेंच संगीतकार राव्हेल यांची 'बोलेरो' ही प्रसिद्ध रचना घालावयाची असें ठरलें होतें. ऐन वेळीं लक्षांत आलें कीं, तिच्या हक्काची मुदत अद्यापि संपलेली नाहीं. तेव्हां कोंडो यांनीं एका दिवसांत, खेळांत अन्यत्र योजलेल्या स्वतःच्याच चालीवरून, नवें आरंभसंगीत सिद्ध केलें. आज तें जगभर गाजलें आहे. या खेळाच्या शेवटीं संगीतकाराचें नांव आहे, पण तें 'कोनचान' असें. म्हणजे घरांत हांक मारावयाचें!

त्याच कंपनींत हिरोकाझु तानाका नांवाचे दुसरे गृहस्थ होते. १९८६ च्या 'मेट्रॉइड' या खेळांत त्यांनीं नेमका उलटा मार्ग धरला. त्या काळीं प्रत्येक खेळाला गुणगुणण्याजोगी आनंदी चाल असावी असा संकेत पडून गेला होता. तानाका यांनीं ठरविलें कीं, या भुयारी, निर्जन जगांत संगीत आणि इतर आवाज यांतील भेदच राहूं नये. तें जग जिवंत प्राण्यासारखें श्वास घेत आहे असें वाटावें. आणि मोकळी, पुरी चाल ऐकण्याचा आनंद खेळ जिंकल्यावरच मिळावा. ही एका विचारवंत रचनाकाराची भूमिका आहे. ती एका खेळण्यासाठीं घेतलेली असली म्हणून तिचें मोल कमी कां व्हावें?

आतां नांवांकडे येऊं. नांव झांकण्याची ही रीत अमेरिकेंतही होती. अटारी कंपनी खेळ तयार करणाराचें नांव छापीत नसे. तेव्हां वॉरन रॉबिनेट नांवाच्या कारागिरानें १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ॲडव्हेंचर' या खेळांत एक गुप्त खोली केली आणि तींत आपलें नांव लिहून ठेवलें. देवळाच्या शिल्पकारानें एकाद्या खांबाच्या सांदींत आपलें नांव कोरून ठेवावें, तसेंच हें. जपानी कंपन्यांना भीति वाटे ती ही कीं, हुशार माणसाचें नांव बाहेर कळलें तर प्रतिस्पर्धी कंपनी त्याला अधिक पगार देऊन ओढून नेईल. म्हणून खेळाच्या अखेरीस नांवें आलींच तर तीं टोपणनांवें असत.

याचें ठळक उदाहरण म्हणजे किनुयो यामाशिता. या बाई ओसाकास इलेक्ट्रॉनिक विद्येचें शिक्षण पुरें करून १९८६ सालीं कोनामी कंपनींत लागल्या. त्यांचें पहिलेंच काम म्हणजे त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत निघालेला 'कॅसलव्हेनिया' हा ड्रॅक्युलाच्या किल्ल्याचा खेळ. सातोए तेराशिमा या दुसऱ्या बाईंच्या साह्यानें त्यांनीं त्याचें संगीत केलें. जुन्या युरोपीय चर्चमधील वाद्याची गंभीरता आणि तरुणांच्या बँडचा जोम यांचा असा मेळ त्यांत आहे कीं, किल्ल्यांतील काळोख कानांनींच दिसूं लागतो. या संगीताच्या चाली पुढें कित्येक वर्षें त्या मालिकेंतील नव्या खेळांत पुन्हां पुन्हां वाजविल्या गेल्या. पण पहिल्या खेळाच्या शेवटीं संगीतकाराचें नांव काय आहे? 'जेम्स बनाना'! इंग्लंडांत १९५८ सालीं निघालेल्या ड्रॅक्युलाच्या चित्रपटाचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नांवाची ती थट्टा. त्या यादींतील इतर बहुतेक नांवेंही अशींच भयपटांतील नटांच्या नांवांचीं विडंबनें आहेत. थट्टेला माझी हरकत नाहीं. पण एका तरुण जपानी मुलीची पहिली कृति जगभर गेली ती एका केळ्याच्या नांवावर, आणि तेंही पुरुषाच्या! ज्यांनीं तें नांव वाचलें त्यांना हें काम एका स्त्रीचें आहे अशी शंकाही येण्याचें कारण नव्हतें.

कॅपकॉम या दुसऱ्या कंपनीची गोष्टही हीच. तेथें मानामी मात्सुमाए यांनीं १९८७ च्या डिसेंबरांतील 'रॉकमॅन' या खेळाचें संगीत केलें. हाच खेळ परदेशांत 'मेगा मॅन' म्हणून ओळखला जातो. त्यांत सहा शत्रू असून कोणाशीं आधीं लढावयाचें हें खेळणारानें ठरवावयाचें. म्हणून प्रत्येकाची चाल स्वतंत्र, आणि ऐकतांच तो शत्रू डोळ्यांपुढें उभा राहील अशी हवी. बर्फाच्या राज्याची चाल एक, विजेच्या राज्याची दुसरी. बाईंनीं हें याच मोजक्या कंठांत साधलें. खेळाच्या अखेरीस त्यांचें नांव आहे 'चानचाकोरिन मानामी'. निदान स्वतःचें अर्धें नांव तरी त्यांना राखतां आलें. पुढच्या वर्षींच्या दुसऱ्या भागाचे संगीतकार ताकाशी तातेइशी यांचें तर टोपणनांवच सर्वतोमुखीं झालें. त्याच कंपनींतील जुन्को तामिया यांनीं १९८९ च्या 'स्वीट होम' या भयकथेच्या खेळाला दिलेलें संगीत ज्यांनीं ऐकलें ते तें विसरत नाहींत. परंतु तो खेळ त्या काळीं जपानबाहेर विक्रीस गेला नाहीं. कोनामीच्या रचनाकारांनीं आपल्या मंडळीला 'कुकेइहा क्लब' असें नांव दिलें होतें. त्याचा अर्थ 'चौकोनी लहरीचें मंडळ'. नांव मोठें गोड आहे. परंतु मंडळाचें नांव पुढें आलें तेव्हां व्यक्तींचीं नांवें मागें पडलीं.

कोणी म्हणेल, हा सगळा पगारी नोकरांचा धंदा. पगार मिळाला, तेथें हिशेब संपला. मला हें पटत नाहीं, आणि त्याचें कारण त्याच काळांतील एका उदाहरणांत आहे. कोइचि सुगियामा हे १९३१ साली जन्मलेले, दूरचित्रवाणीवरील संगीतानें आधींच नांव मिळविलेले संगीतकार. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाचें संगीत त्यांनीं केलें. त्यांना टोपणनांव घ्यावें लागलें नाहीं. त्यांच्या नांवानें ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि १९८७ च्या ऑगस्टांत टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्यें वाद्यवृंदानें तें संगीत वाजविलें. यंत्र तेंच, कंठ तेवढेच, साल जवळजवळ तेंच. भेद इतकाच कीं, सुगियामा यांचें नांव झांकण्यापलीकडे गेलेलें होतें, आणि या मुलींचें नांव अजून व्हावयाचें होतें. म्हणजे ज्याला नांवाची गरज कमी त्याला तें मिळालें, आणि ज्यांना तें सर्वांत अधिक उपयोगी पडलें असतें त्यांचें काढून घेतलें गेलें.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या कोणीं रचल्या? त्यांच्याही कर्त्या बाया आपल्याला ठाऊक नाहींत, आणि म्हणून त्या ओव्या कमी गोड लागत नाहींत. मग या चालींनाच नांव कशाला हवें? हा प्रश्न मीं स्वतःलाही केला. उत्तर असें दिसतें कीं, ओवी एकीच्या मुखांतून दुसरीच्या मुखांत जाते आणि प्रत्येक मुखांत थोडी बदलते. ती सर्वांची होते म्हणून एकीची राहत नाहीं. तिच्या कर्तीचें नांव कोणीं हिशेबानें झांकलेलें नसतें. येथें तसें नाहीं. चाल एकीनें रचली, कंपनीनें ती विकली, आणि रचणारीचें नांव ठाऊक असूनही बाहेर येऊं दिलें नाहीं. नांव काळाच्या ओघांत हरवणें आणि तें कोणीं लपविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल हळहळ वाटावी. दुसरीची दुरुस्ती व्हावी.

नांवाबरोबर कधीं कधीं संगीतही हरवलें. फॅमिकॉमच्या कॅसेटींत जादा चिप बसवून यंत्राच्या पांच कंठांत आणखी भर घालतां येत असे. १९८९ च्या डिसेंबरांत निघालेल्या तिसऱ्या 'कॅसलव्हेनिया'मध्यें अशी चिप होती आणि तिनें तीन कंठ वाढविले होते. परंतु अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या कॅसेटीच्या खांचेंत हा जादा आवाज आंत घेण्याची वाटच ठेवलेली नव्हती. परिणामीं आठ कंठांसाठीं बांधलेलें संगीत पांचांत कोंबून अमेरिकेंत पाठवावें लागलें, आणि तेथील मुलांनीं मूळ रचना म्हणून तेंच ऐकलें. याहून चुटपुट लावणारी कथा 'गिमिक' या १९९२ च्या खेळाची. सनसॉफ्ट कंपनीसाठीं मासाशी कागेयामा यांनीं त्याचें संगीत केलें. त्याच्याही कॅसेटींत तीन जादा कंठांची चिप होती, आणि त्या चिपेचे कंठ संगीतासाठीं वापरणारा हा एकच खेळ. या लहानशा यंत्रांतून निघालेल्या उत्तम संगीतांत त्याची गणना आज जाणते लोक करतात. परंतु १९९० च्या नोव्हेंबरांत निन्टेन्डोचें पुढचें, अधिक बलवान यंत्र बाजारांत आलें होतें. गिऱ्हाईक तिकडे वळलें. त्या काळीं जपानबाहेर हा खेळ गेला तो फक्त स्कॅन्डिनेव्हियांत. दिवाळी उलटल्यावर तयार झालेल्या सुरेख आकाशकंदिलासारखी त्याची गत झाली.

अलीकडे या अन्यायाची थोडी भरपाई होऊं लागली आहे, आणि तिला आरंभ केला तो बहुतांशीं हौशी लोकांनीं. त्यांनीं कॅसेटींतील संगीताचा भाग वेगळा काढून जपला, कोणत्या टोपणनांवामागें कोण होतें याच्या याद्या केल्या, आणि त्या वृद्ध होत चाललेल्या रचनाकारांना गांठून विचारपूस केली. २०१४ सालीं जपानी खेळसंगीतावर एक माहितीपट-मालिका निघाली. त्याच वर्षीं जुन्या वळणाच्या 'शॉव्हेल नाइट' या अमेरिकन खेळासाठीं मानामी मात्सुमाए यांच्याकडून दोन चाली मागवून घेण्यांत आल्या, या वेळीं त्यांच्या खऱ्या नांवानें. २३ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनांत राष्ट्रांचीं पथकें मैदानांत आलीं तीं या खेळांच्या संगीतावर. आरंभ सुगियामा यांच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'नें झाला. आणि त्याच ओघांत 'ग्रॅडियस' या १९८५ च्या खेळाची मिकी हिगाशिनो या बाईंची चालही होती. २०२३ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादींत कोंडो यांची मारिओची चाल घेतली. खेळांतील संगीताला हा मान प्रथमच मिळाला. ज्या चालीसाठीं मीं मुलाला वर्गाबाहेर काढलें, ती राष्ट्रीय ठेव्यांत जाऊन बसली!

परंतु एक चाल जपली म्हणजे सारें जपलें असें नव्हे. २०२३ सालींच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणें, अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आतां बाजारांत विकत मिळत नाहींत. खेळ गेला कीं त्यांतलें संगीतही जातें, आणि संगीताबरोबर कर्त्याच्या नांवाचा उरलासुरला पुरावाही. शिलालेख दगडावर असतो म्हणून हजार वर्षें टिकतो. कॅसेटींतील चिप कांहीं दगड नव्हे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या माळ्यावर एकाद्या खोक्यांत असें एक यंत्र धूळ खात पडलें असेल. आतां कर्ते झालेल्या आपल्या मुलांना त्यांतली एकादी चाल गुणगुणावयास सांगा. ती त्यांना येईल, याविषयीं मला शंका नाहीं. मग ती कोणाची आहे हें दोघे मिळून शोधा. नांव सांपडलें तर तें मोठ्यानें उच्चारा. ऋण फेडण्याची याहून सोपी तऱ्हा मला ठाऊक नाहीं.

माझा तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. तो हें भाषण ऐकत असेल, तर त्याला माझें सांगणें आहे कीं, बाळ, तुझी चाल 'कोणाचीच नाहीं' अशी नव्हती. आणि तुला बाहेर उभें करण्यापूर्वीं ती मीं एकदां पुरी ऐकून घ्यावयास हवी होती.